बोडीखालची शीर

लग्नाच्या पंगतीत माझी ओळख करून देताना आमचे व्याही नेहमी म्हणतात, "हे सरकारसाठी सोनं शोधायचे." शेजारचा माणूस घास हातात धरून लगेच माझ्या बोटांकडं बघतो. माझ्या बोटात अंगठी नाही. नोकरीभर नव्हती, कारण आमच्या धंद्यात दगडाचे नमुने गोळा करणाऱ्यानं अंगावर सोनं घालायचं नसतं. अंगठीचा डोळ्याला न दिसणारा कण घासून पिशवीत पडला तरी तो प्रयोगशाळेत सापडतो आणि नसलेलं सोनं कागदावर चढतं. हे मी नीट समजावून सांगतो. समोरचा मान डोलावतो आणि विचारतो, "ते ठीक आहे हो, पण आपल्या भंडाऱ्यात सोनं नेमकं आहे तरी कुठं?"

त्याचं उत्तर मला येतं. पण पंगतीत बसून सांगण्यासारखं ते नाही, म्हणून मी मठ्ठा मागवतो.

मी मूळचा तुमसरचा. बापाचा तांदळाचा व्यापार. पोत्यात लोखंडी सळई खुपसून तो मूठभर दाणे काढायचा, तळहातावर पसरायचा, फुंकर मारायचा आणि सगळ्या पोत्याचं भविष्य सांगायचा. मी भूशास्त्र शिकलो तेव्हा पोरगा वाया गेला म्हणून तो हळहळला. खरं तर मीही तेच करत होतो. माझं पोतं डोंगराएवढं होतं आणि मूठ तेवढीच, एवढाच काय तो फरक. सत्तरच्या दशकाच्या शेवटाला आमचा तंबू दिघोरीच्या पुढं एका गावाबाहेर, मोहाच्या झाडांखाली पडला. तेव्हा गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होतं आणि तुमसरहून इकडं यायला एक अख्खा दिवस जायचा. गावाचं नाव सांगत नाही. का, ते शेवटी कळेल.

तंबू पडला की आजूबाजूच्या गावांतून लोक पिवळे दगड घेऊन यायचेच. एक गृहस्थ तर पार बपेऱ्याहून आले होते. रेशमी फडक्यात गुंडाळलेला, झगझगीत, कोपरे कापल्यासारखे असलेला दगड. ती सोनमाखी होती, म्हणजे लोखंड आणि गंधक. मी तिचा छोटा कपचा चुलीतल्या तापल्या लोखंडावर ठेवला. गंधकाचा वास सुटला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुरानं की कशानं कोण जाणे. "सोनं नाही हे," मी म्हटलं. त्यांनी दगड पुन्हा रेशमात गुंडाळला. म्हणाले, "नसू दे जी. देवघरात तं चमकते न." आणि आल्या वाटेनं गेले. मला ते फार आवडले.

आता सोनं दगडात येतं कसं, ते सांगतो. लोकांना वाटतं, सोनं जमिनीत हंड्यासारखं पुरलेलं असतं. तसं काही नाही. ते सगळीकडं आहे, पण इतकं विरळ, की असून नसल्यासारखं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथले खडक खाली दाबले गेले, तापले आणि त्यांना घाम फुटला. ते पाणी गरम, किंचित खारट, गंधकानं भरलेलं. सोनं मोठं मानी. कुणाशी सोयरीक करत नाही. पण गरम पाण्यातल्या गंधकाशी त्याचं जमतं. त्याचा हात धरून ते पाण्यात विरघळतं आणि खडकांच्या भेगांतून वर निघतं. वाटेत दाब कमी झाला, पाणी उकळलं किंवा लोखंडाचा खडक आडवा आला, की गंधक ती सोबत सोडतो आणि सोनं जिथल्या तिथं बसून राहतं. भोवती पांढरी गारगोटी साकळते. तिलाच आम्ही शीर म्हणतो. आम्ही शोधतो ते सोनं नसतंच खरं म्हणजे. आम्ही एका आटून गेलेल्या पाण्याची वाट शोधतो.

दुपारी काम थांबलं की मी मोहाखाली आडवा व्हायचो आणि मला ते पाणी ऐकू यायचं. धानकापणी झालेली, त्याच वाफ्यांमधून, म्हणजे बांध्यांमधून, लाखोरीचं कडधान्य उगवलेलं, कुठं तरी बैलाच्या गळ्यातली घंटी. पाठीखाली तापलेली जमीन. डोळे मिटले की जमीन पारदर्शक व्हायची. खाली काळोखात ते ऊन पाणी हळूहळू चढत असायचं, भेगेभेगेला थांबत, वळत, आणि त्याच्याबरोबर मीही. माझे साहेब मला हाक मारून मारून थकायचे. त्यांना वाटायचं, पोरगं झोपलंय.

हे साहेब म्हणजे घाटे. निवृत्तीला आलेले, उंच, वाकलेले, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. सगळी हयात सोन्याच्या मागं घालवूनही त्यांच्या नावावर एकही सापडलेला साठा नव्हता. ते कधी बोलून दाखवत नसत. फक्त नवा खडक फोडताना त्यांचा श्वास थांबायचा, आणि मग पुन्हा सुरू व्हायचा.

आमची जागा शिवरामच्या शेतात होती. शिवराम आणि त्याची बायको सुभद्राबाई. टेकाडाचा पडीक तुकडा, त्याला लागून त्यांची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं छोटं तळं. शिवरामच्या आजानं टोपल्या-टोपल्यांनी माती टाकून तिची पाळ बांधलेली. सगळ्या बांध्या या बोडीवर अवलंबून. टेकाडावर पांढरी शीर उघडी पडली होती, गंजल्या रंगाच्या ठिपक्यांनी भरलेली, आणि ती सरळ पाळीच्या दिशेनं जात होती. मी तिच्यावर हातोडा मारला तेव्हा लसणाचा वास आला. आर्सेनिक असलेल्या खनिजावर घाव बसला की असा वास येतो, आणि सोनं पुष्कळदा त्याच खनिजाच्या शेजारी राहतं. घाटेसाहेबांनी कपचा नाकाशी धरला आणि कितीतरी वेळ खाली ठेवलाच नाही.

आम्ही शिरेवर आडवा चर खणला. पुढची रीत अशी, की चराच्या तळाशी चुन्यानं लांबट चौकोन आखायचा, तो झाडून लखलखीत करायचा आणि नेमकी तेवढीच पट्टी छिन्नीनं कोरून सगळे कपचे पिशवीत भरायचे. चौकोन आखून झाला आणि छिन्न्या बोथट निघाल्या. त्या दिघोरीच्या लोहाराकडं पाठवल्या आणि कोरायचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं.

सकाळी येऊन पाहतो तर चौकोनात हळदकुंकू, झेंडूची फुलं, तांदळाचे दाणे. यात नवल नव्हतं. आमच्या प्रत्येक खड्ड्यावर कुणी ना कुणी काही वाहायचंच. मजुरांनी नमस्कार केला, मीही केला. फुलं बाजूला ठेवली, शीर झाडली आणि कोरायला घेतलं. सुभद्राबाई तेव्हा आंबील घेऊन आल्या होत्या. त्यांच्या नाकात मी प्रथमच कडूलिंबाची काडी पाहिली. फुली, म्हणजे चमकी, मोडली किंवा गहाण पडली की छिद्र बुजू नये म्हणून बायका काडी घालतात. दिवस वाईट असतील, असं वाटून मी नजर वळवली.

"भाऊ, किती खोल जाता जी तुमी?" त्यांनी विचारलं.

"सोनं गावलं तं लय खोल, वयनी. नाई गावलं तं अठीच थांबतो."

"अन् गावलं तं बोडी?"

मी हसलो. तुमसरचा असल्यामुळं त्यांच्या बोलीत बोलायची मला भारी हौस. "बोडी कोठी जाते? अठीच राहील."

कपचे आम्ही तंबूपाशी लोखंडी खलात कुटले, ढीग करून चार वाटे पाडले, समोरासमोरचे दोन वाटे नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवले आणि उरलेला अर्धा भाग सांभाळून ठेवला. मग माघातल्या एका सकाळी घाटेसाहेबांची जीप धुरळा उडवत आली. साहेब गाडी थांबायच्या आत उतरले. मी त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं.

"अरे, सोनं आहे यार! भरपूर आहे!" ते म्हणाले आणि मोहाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले.

नमुना नुसता चांगला नव्हता. असा आकडा आम्ही दोघांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दिवशी मी जमिनीवरून चाललो नाही. टेकाड, बोडी, पळसाची झाडं, सगळ्यांना एक पिवळी कड आली होती. त्या प्राचीन पाण्याची वाट मला सापडली होती. तिच्या शेवटच्या मुक्कामावर मी उभा होतो.

संध्याकाळच्या आत पुढचं ठरलंही. शीर पाळीखाली जात होती, म्हणजे खरा साठा बोडीखाली. पाळ फोडायची, पाणी सोडून द्यायचं, बोडीच्या तळातून चर न्यायचा आणि मागोमाग भोक पाडायचं यंत्र आणायचं. सरकारी परवानगी होती, भरपाई मिळणार होती. शिवरामला सांगायला मी गेलो. तो अंगणात दोर वळत होता.

"भाऊ, पाळ एकडाव फुटली न, तं नवी माती पानी धरत नाई," तो म्हणाला. "रोवणा कायच्या भरोशावर करू मी?"

रोवणा म्हणजे धानाची लावणी, आणि ती बोडीच्या पाण्याशिवाय होत नाही. सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. सोनं निघालं हे ऐकून त्या उंबऱ्यावरच बसल्या. हळूच म्हणाल्या, "मंग तिनं घेतलं नाई माह्यं."

"काय घेतलं नाई, वयनी?"

त्या उठल्या. आत निघून गेल्या. मला वाटलं, देवीला काही नवस वगैरे असेल.

पाळ फोडायला मजूर यायचे होते त्या सकाळी मी लवकर बोडीवर गेलो. पाण्यावर धुकं होतं, पाणकोंबडे आतून कुठून तरी आवाज देत होते. सांभाळून ठेवलेला अर्धा नमुना मी सोबत घेतला होता. तो धुऊन बघायची तशी काही गरज नव्हती. पण आकडा कागदावर असतो. मला ते सोनं डोळ्यांनी बघायचं होतं. नदीची वाळू धुणाऱ्या सोनझरी लोकांकडून घेतलेली लाकडी परात माझ्याकडं होती. तिच्यात भुगा घेऊन मी पाण्यात बसलो आणि आई तांदूळ पाखडायची तशा लयीत परात हलवू लागलो. हलकी गारगोटी पाण्याबरोबर गेली, मग गंज गेला, मग काळी रेती हटत हटत कडेला आली. तिच्या मागं एक पिवळा ठिपका उरला.

मी भिंग डोळ्याला लावलं. ठिपका खलात चेचला गेला होता, तरी त्याच्या एका अंगाला बारीक, समांतर आटे होते. मळसूत्राचे आटे. रंगही निसर्गातल्या सोन्यासारखा फिका नव्हता. तांबूस होता, सोनार तांबं घालतो तसा. जगातलं कुठलंही पाणी, कितीही उकळलं तरी, असे आटे पाडत नाही.

मी मान वर केली. धुक्यातून सुभद्राबाई भांडी घेऊन घाटावर आल्या होत्या. नाकात ती काडी.

"वयनी," मी परात पुढं केली, "हे तुमचं काय?"

त्यांनी वाकून पाहिलं. घाबरल्या नाहीत. "हाव. माह्या फुलीचा दांडा होय. चौकात मीनंच ठेवला होता, दगडाच्या फटीत."

"चौकात?"

"तुमी चुन्यानं चौक नाई मांडला का? मले वाटलं, ठेवाची जागा करून देली तुमीनं."

त्यांच्या घरची रीत होती. विहीर असो, बोडी असो, घराचा पाया असो, धरतीत कुदळ पडली की घरच्या बाईनं अंगावरच्या सोन्यातला कण त्या खड्ड्यात ठेवायचा. त्यासाठी चौक मांडतात. आम्ही आखला होता तो नमुन्याचा चौकोन. त्यांना दिसला तो पूजेचा चौक. आम्ही अंगठ्या घरी ठेवून आलो होतो, आणि सोनं मात्र बरोब्बर आमच्या चुन्याच्या रेघांच्या आत ठेवलं गेलं होतं.

"पण वयनी, काही काढाच्या आंधी देतेत, ते समजलं. तुमाले तं काही काढाचं नव्हतं."

"कायले काढाचं जी?" त्या म्हणाल्या. "मी तिले म्हटलं, माय, हे घे माह्यं, अन् तुह्यं तुह्यापाशी ठेव. आमची बोडी राहू दे. तुमी म्हटलं, सोनं निघालं. मले वाटलं, तिनं आयकलं नाई. पन हे तं माह्यंच निघालं." पदर तोंडाला लावून त्या तिथंच घाटावर बसून रडल्या.

मला माझ्या सोन्याचं दुःख झालं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. कालपर्यंत जो डोंगर पिवळा दिसत होता, तो पुन्हा दगडाचा झाला. तरीही त्या बाईकडं बघून आतून काही तरी सैलही झालं. मी परात तशीच धरून तंबूकडं निघालो.

पाळीवर मजूर फावडी घेऊन आले होते. शिवराम पाळीच्या मधोमध उभा होता, हात बांधून. घाटेसाहेब त्याच्यासमोर. मी त्यांच्या हातात परात दिली. त्यांनी गळ्यातलं भिंग लावलं. इतका वेळ पाहिलं, की मजुरांनी फावडी टेकून बिड्या पेटवल्या.

"लसणाचा वास आला होता ना रे?" भिंग न काढता त्यांनी विचारलं.

"आला होता, साहेब."

"म्हणजे खाली असेलही."

"असेलही."

त्यांना पाळ फोडता आली असती. यंत्र निघालं होतं, परवानगी खिशात होती आणि निवृत्ती दारात उभी होती. परातीतला तो ठिपका मी, ते आणि सुभद्राबाई सोडून कुणी पाहिला नव्हता. ते बोडीकडं बघत राहिले. पाण्यावरचं धुकं आता उठत होतं. मग त्यांनी भिंग सदऱ्यात टाकलं आणि मजुरांना म्हणाले, "फावडी ठेवा. पहिले दुसरा नमुना घेऊ."

घाटावर बसलेल्या सुभद्राबाईंपाशी जाऊन ते म्हणाले, "बाई, सोनं ठेवायचं होतं तर निदान आम्हाला सांगायचं तरी."

"देवाले देलेलं कोनी सांगते काय साहेब?" त्या म्हणाल्या.

घाटेसाहेब हसले. त्या हसण्यात सगळी हयात होती, ते मला आता माझ्या निवृत्तीनंतर जास्त समजतं.

पहिल्या पट्टीशेजारी आम्ही नवी पट्टी कोरली. या वेळी शिवराम स्वतः राखणीला बसला. निकाल आला. सोनं होतं, पण असून नसल्यासारखं, जसं सगळीकडं असतं तसं. तेवढ्यासाठी कुणी पाळ फोडत नाही. यंत्र दुसऱ्या टेकाडाकडं वळलं आणि घाटेसाहेब त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला भिंग दिलं. म्हणाले, "वर विरळ असलं म्हणजे खालीही विरळच असतं, असं काही नाही. पण आपण विचारलं, तिनं नाही म्हटलं. बस."

तंबू हलवायच्या आधी मी तो फुलीचा कण सुभद्राबाईंना परत द्यायला गेलो. सोनार जोडून देईल, म्हटलं. त्यांनी हात मागं घेतले.

"देलेलं वापस घेतेत काय, भाऊ? तुमीनं काढलं, तुमीच ठेवा जाग्यावर."

मी चरात उतरलो. शिरेतली ती फट सापडली. बोटानं माती काढून कण आत ठेवला. वर हळदकुंकू वाहायला त्या आल्या. मग शिवरामनं आणि मी चर बुजवला. धंद्यानं मी सोनं काढणारा. जमिनीत सोनं ठेवल्याचा माझा तो एकच प्रसंग.

त्यानंतर मी पुष्कळ हिंडलो, पुष्कळ चर खणले. एखाद्या खाणीला माझा हातभार लागला असेल, नसेल. माझ्या नावाचा साठा मात्र मलाही सापडला नाही. ते मला लागतं. अजून लागतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला एकदा दिघोरीवरून जाताना गाडी वळवली. श्रावण होता. बोडी काठोकाठ भरलेली, पाळीवर गवत, खालच्या बांध्यांमध्ये रोवणा चाललेला. सुभद्राबाई पाळीवर बसून सुनांवर ओरडत होत्या. केस पिकले होते. नाकात काडीच होती.

त्यांनी मला ओळखलं. "गावलं काय जी भाऊ सोनं, कोठी?"

"नाई गावलं, वयनी."

"मले मालूम होतं," त्या खुशीत म्हणाल्या. "तिनं तवाच आयकलं माह्यं."

मी त्यांच्याशेजारी पाळीवर बसलो. डोळे मिटले. पाय पाण्यात होते, आणि पाण्याखाली चिखल, चिखलाखाली ती पांढरी शीर, उतरत उतरत काळोखात गेलेली. तिच्या टोकाला काय आहे, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. वरच्या फटीत मात्र काय आहे ते मला पक्कं माहीत आहे. भंडारा जिल्ह्यात सोनं नेमकं कुठं आहे असं कुणी विचारलं, की माझ्या हाताच्या बोटाला ती जागा आठवते.

गावाचं नाव म्हणूनच सांगत नाही. ते सोनं ठेवलेलं आहे.